घर एका गावात, विमान दुसऱ्या गावात : एअरलाइन, कार्गो आणि चार्टर, जंपसीटच्या हिशोबाने

गेल्या महिन्यात पुण्याकडच्या एका मुलाचा फोन आला. फ्लाइंग टेक्सासात शिकला, १,५०० तास झालेत, ग्रीन कार्ड आहे, आणि हातात तीन ऑफर आहेत. एक रीजनल एअरलाइन, एक रात्रीची कार्गो कंपनी आणि एक चार्टर, म्हणजे खाजगी विमानं भाड्याने देणारी, कंपनी. पगारात फार फरक नाही. बायकोची नोकरी नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेला, तिला तिथून हलता येत नाही, आणि तिन्हींपैकी एकाही कंपनीचा बेस, म्हणजे पायलटची ड्युटी जिथून सुरू होते ते गाव, रॅलेला नाही. "ताई, तिघेही म्हणतात आमच्याकडे जंपसीट आहे. मग काय बघून ठरवू?"

मीही रॅलेतच राहते. आधी रात्रीचं कार्गो उडवलं, आता एअरलाइनमध्ये आहे, आणि इतकी वर्षं घरून बेसला आणि बेसवरून घरी येण्यासाठी दुसऱ्यांच्या विमानांत बसत आले आहे. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं ते नीट लिहून काढते, कारण हा प्रश्न आपल्या बऱ्याच मुलामुलींपुढे येतो.

जंपसीट म्हणजे कॉकपिटमध्ये दोन पायलटांच्या मागे असलेली जास्तीची खुर्ची. तिच्यावर पहिला हक्क सरकारी निरीक्षकाचा. तो नसेल तेव्हा स्वतःच्या कंपनीचे पायलट, आणि ते नसतील तर करार असलेल्या इतर कंपन्यांचे. या करारात पैशांची देवाणघेवाण नसते. तुमचे पायलट आम्ही नेऊ, आमचे तुम्ही न्या, एवढंच. विमानात प्रवाशांची सीट रिकामी असेल तर जंपसीटवाल्याला केबिनमध्ये बसवतात, विमान भरलं असेल तर कॉकपिटमध्ये.

भरतीच्या वेळी कंपनी म्हणते, "आमचे अमुक इतक्या कंपन्यांशी करार आहेत." त्या आकड्याने भुलू नका. करारानंतरही तीन दारं ओलांडायची असतात.

पहिलं दार नियमाचं. अमेरिकेच्या हवाई नियमांतलं कलम १२१.५४७ कॉकपिटमध्ये कोणाला घेता येतं ते ठरवतं. केबिन पूर्ण भरलेली असतानाही कॉकपिटमध्ये बसू शकणाऱ्यांची यादी छोटी आहे. दुसऱ्या कंपनीचा पायलट तिच्यात येतो, पण त्याच्या कंपनीकडे त्याच नियमांच्या भाग ११९ खालचं, विमानसेवा चालवण्याचं प्रमाणपत्र हवं आणि त्याच्या कामाला पायलटचं लायसन्स लागत असलं पाहिजे. एअरलाइन आणि मोठ्या कार्गो कंपन्या, म्हणजे भाग १२१ वाल्या, यात बसतात. भाग १३५ खालच्या चार्टर आणि छोट्या कार्गो कंपन्याही बसतात. एखाद्या उद्योगसमूहाचं स्वतःचं जेट भाग ९१ खाली चालवणारा पायलट मात्र बसत नाही, मग त्याचा अनुभव कितीही असो.

दुसरं दार कॅसचं. ११ सप्टेंबर २००१ नंतर परक्या कंपनीच्या पायलटाला कॉकपिट बंद झालं होतं. काही वर्षांनी कॅस ही ओळख पटवणारी संगणक यंत्रणा आली तेव्हा ते पुन्हा उघडलं. गेट एजंट तुमच्या कंपनीचं नाव आणि एम्प्लॉयी नंबर टाकतो, पडद्यावर तुमचा फोटो येतो आणि सोबत परवानगी किंवा नकार. भाग १२१ च्या बहुतेक कंपन्या कॅसमध्ये आहेत. १३५ वाल्यांत काही आहेत, अनेक नाहीत. कंपनी कॅसमध्ये नसेल तर करार असूनही तुम्हाला फक्त केबिनमधली रिकामी सीट मिळू शकते, आणि रविवारी संध्याकाळी केबिनमध्ये रिकामी सीट कुठून येणार? चार्टर कंपनीच्या बाबतीत विचारायचा खरा प्रश्न हा आहे, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तो नोकरी घेतल्यानंतर विचारला.

तिसरं दार कॅप्टनचं. सगळे कागद बरोबर असले तरी शेवटचा शब्द त्यांचा. म्हणून प्रत्येक वेळी, अगदी केबिनमध्ये सीट मिळाली तरी, कॉकपिटच्या दारात जाऊन नाव सांगायचं, आयडी, लायसन्स आणि मेडिकल दाखवायचं, "कॅप्टन, आज तुमच्याबरोबर येऊ का?" असं विचारायचं आणि उतरताना आभार मानायचे. कोणी याला नुसता शिष्टाचार म्हणेल, मी म्हणत नाही. ७ एप्रिल १९९४ ला मेम्फिसहून सॅन होजेला निघालेल्या फेडेक्सच्या डीसी-१० मध्ये कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनिअर जंपसीटवाला म्हणून चढला आणि गिटारच्या केसमधून आणलेले हातोडे घेऊन तिघा क्रूवर तुटून पडला. जबर जखमी झालेल्या त्या तिघांनी त्याला आवरलं आणि विमान परत मेम्फिसला उतरवलं. तिघे वाचले, पण पुन्हा व्यावसायिक विमान उडवू शकले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये हॉरायझन या एअरलाइनच्या एम्ब्रेअर १७५ विमानाच्या जंपसीटवर बसलेल्या, ड्युटीवर नसलेल्या पायलटाने इंजिनांचं इंधन तोडणारी आगीची हँडल ओढायचा प्रयत्न केला. विमानात ८० हून जास्त माणसं होती. दोन्ही पायलटांनी त्याचे हात वेळीच धरले. कॅप्टन मागे वळून तुमच्याकडे क्षणभर निरखून बघतात तेव्हा त्या नजरेत हे सगळं असतं, आणि ते असायलाच हवं.

आता तिन्ही नोकऱ्या शेजारी ठेवू.

एअरलाइन

करार सर्वात जास्त इथे, यात वाद नाही. तुमच्या गावाहून बेसला दिवसात सात-आठ विमानं असतील तर कम्यूट, म्हणजे घर ते बेस ही ये-जा, जमून जातो. अनेक कंपन्यांच्या युनियन करारात कम्यूटरसाठी कलम असतं : ठरलेल्या अटींप्रमाणे तुम्ही एकामागोमाग दोन विमानांसाठी नाव लावलं आणि दोन्हींत जागा मिळाली नाही, तर कामावर पोचला नाहीत म्हणून शिक्षा होत नाही. त्या कलमाचा मजकूर शब्दन् शब्द वाचा.

पण स्पर्धाही इथेच. खुर्ची एक किंवा दोन, आणि गेटपाशी गणवेशातले पाच जण. छोट्या विमानांत त्यात वजनाचाही फास. सीआरजे-२०० मध्ये उन्हाळ्याच्या दुपारी, आणि पुढे वादळं असल्याने जास्त इंधन घेतलेलं असेल तर, केबिनमध्ये चार सीट रिकाम्या दिसत असताना एजंट तुम्हाला "सॉरी, वजन" म्हणतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी गेटवर रडले होते, दुसऱ्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता. ७३७ ची जंपसीट दाराच्या चौकटीतच उघडते, गुडघे मधल्या कन्सोलला टेकतात आणि चार तासांत पाठीचं व्हायचं ते होतं. तरीही ती खुर्ची मिळाली की जीव भांड्यात पडतो.

नव्या पायलटासाठी सर्वात मोठी अडचण रिझर्व्हची. सुरुवातीचे महिने, कधी वर्षं, तुम्ही रिझर्व्हवर असता. फोन आला की थोड्या वेळात विमानतळावर हजर व्हायचं, म्हणजे बेसच्या गावीच राहायचं, क्रॅश पॅडमध्ये, सहा जणांच्या खोलीत. त्या काळात कितीही करार असले तरी उपयोग नाही, कारण घरी जायला दिवसच सापडत नाहीत.

कार्गो

इथली जंपसीट मला मनापासून आवडते. प्रवासी नसल्याने जागा आदल्या दिवशीच बरीचशी कळते. ७६७ आणि ७७७ च्या कार्गो विमानांत कॉकपिटमागे जास्तीच्या खुर्च्या असतात, पाय पसरता येतात. कार्गो विमानात प्रवाशांसाठीचे नियम न लावता कोणाला नेता येतं हे कलम १२१.५८३ सांगतं. त्यात कंपनीची माणसं येतात, निरीक्षक येतात, अगदी विमानातल्या घोड्यांची काळजी घेणारी माणसंही येतात. दाराला शिडी किंवा हवा भरून उघडणारी घसरगुंडी असेलच असं नाही, संकटात दोरीला धरून उतरावं लागू शकतं, म्हणून बसण्याआधी सगळं समजावून सांगतात. ते लक्ष देऊन ऐका.

अडचण वेळेची आणि नकाशाची. फेडेक्सचं जाळं मेम्फिसभोवती विणलेलं, यूपीएसचं लुइव्हिलभोवती. संध्याकाळी सगळ्या गावांतून विमानं हबकडे, म्हणजे या मुख्य केंद्राकडे जातात, मध्यरात्री पार्सलांची छाननी होते आणि पहाटे तीच विमानं परत फुटतात. रॅलेहून कुठेही जायचं म्हटलं तर बहुधा हबमार्गे, रात्रभर जागून. शनिवार-रविवारी विमानं कमी. कार्गोचा रॅम्प विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला, पहाटे तिथे ना चहा ना टॅक्सी.

कार्गो कंपनीत नोकरी असेल तर प्रवासी एअरलाइनच्या जंपसीटही मिळतात, आणि त्याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचं काम पहाटे संपतं आणि सकाळची सहा-सातची विमानं तुलनेने मोकळी असतात. मी कितीदा तरी मुलगी उठायच्या आत घरी पोचले आहे. पण कंपनी कॅरव्हानसारखी छोटी विमानं उडवून मोठ्या कंपन्यांची पार्सलं लहान गावांना पोचवणारी फीडर असेल तर वेगळा हिशोब करा. असले पायलट मुख्यतः ज्या गावाला विमान रात्री उभं राहतं तिथेच राहतात, आणि बदल्यात देण्यासाठी कंपनीकडे फारशा खुर्च्या नसल्याने करारही मोजके असतात.

चार्टर

इथे जंपसीट सर्वात अशक्त, आणि तरीही माझं मत इथेच झुकतं. अट एकच, होम बेस खरा असला पाहिजे.

खऱ्या होम बेसमध्ये कंपनी तुमच्या घराजवळच्या विमानतळावरून तिकीट काढून तुम्हाला विमान जिथे असेल तिथे पाठवते. कन्फर्म तिकीट, स्टँडबाय (जागा उरली तरच) नाही. सात दिवस काम, सात दिवस सुट्टी ही नेटजेट्समुळे परिचित झालेली पद्धत, तिच्या जवळपासच्या इतरही आहेत. सर्वात महत्त्वाचं म्हणजे कंपनीने करायला लावलेला असा प्रवास विश्रांतीत धरता येत नाही. कलम १३५.२६३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. जंपसीटवरून बेसला जाणं मात्र तुमचा खाजगी मामला. कागदावर ती तुमची विश्रांती असते, मग तुम्ही ती ताटकळत, उभ्याने, दोन विमानं बदलत काढलेली असली तरी.

हा फरक किती खोल आहे ते १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन या रीजनल एअरलाइनच्या फ्लाइट ३४०७ च्या अपघातात दिसलं. नेवार्कहून बफेलोला जाणारं ते विमान पडलं आणि ५० माणसं गेली, त्यातला एक जमिनीवरचा, स्वतःच्या घरात होता. को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून फेडेक्सच्या विमानांनी, मेम्फिसमार्गे, जंपसीटवर नेवार्कला आली होती आणि क्रू रूममध्ये पडली होती. चौकशीत कारण म्हणून कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया नोंदली गेली, थकवा हे मुख्य कारण ठरलं नाही. पण त्याच अहवालात आहे की नेवार्क बेसच्या १३७ कोलगन पायलटांपैकी ९३ कम्यूटर होते. पुढे थकव्याचे नवे नियम आले, भाग ११७, ४ जानेवारी २०१४ पासून लागू. ते प्रवासी एअरलाइनला बंधनकारक आहेत. कार्गोला त्यातून वगळलं, आणि रात्री जागून उडवणाऱ्यांनाच वगळलं याचा मला आजही संताप येतो. कार्गोची ऑफर तोलताना हेही पारड्यात टाका.

चार्टरचा तोटा असा की सात दिवस म्हणजे सात दिवस. मध्येच मुलाला ताप आला तर घरी जाता येत नाही. शेवटच्या दिवशी ग्राहकाचा बेत बदलला की घर एक रात्र लांबतं. आणि सर्वात वाईट जोड म्हणजे ठराविक बेस असलेली चार्टर कंपनी, जी कॅसमध्ये नाही. तिथे ना तिकीट, ना खुर्ची. माझ्या एका मैत्रिणीने अशा कंपनीत दीड वर्ष काढलं आणि पगाराचा मोठा वाटा स्वतःच्या तिकिटांत घातला.

घरच्यांसाठी

जंपसीट फक्त पायलटाची. नवरा, बायको, मुलं, आईवडील यांना तिचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी स्टँडबाय पास आणि इतर एअरलाइनची, कर्मचाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या 'झेड' दराची स्वस्त तिकिटं असतात, आणि त्यात एअरलाइनची नोकरी सर्वात पुढे. मुंबईला जाणाऱ्या विमानात मार्चमध्ये सहज जागा मिळेल. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात किंवा डिसेंबरच्या सुट्टीत चार जणांचं कुटुंब घेऊन स्टँडबायवर उभं राहू नका, सरळ पूर्ण पैशांचं तिकीट काढा. चार्टरमध्ये ही सोय बरेचदा नसतेच. ज्यांचे आईवडील नाशिकला किंवा सांगलीला एकटे आहेत त्यांच्यासाठी हा मुद्दा लहान नाही, आणि मी स्वतः एअरलाइनमध्ये टिकून आहे त्याचं अर्धं कारण हेच आहे.

त्या मुलाला मी काय सांगितलं? त्याची एअरलाइन त्याला शार्लटचा बेस लेखी देत असेल तर एअरलाइन घे. रॅलेहून ते गाडीने अडीच-तीन तासांवर आहे, विमान चुकलं तरी घर हाताशी राहतं. बेस न्यूयॉर्कचा आणि रिझर्व्ह लांबणार असेल तर चार्टर, पण होम बेस रॅलेचा आहे हे ऑफर लेटरमध्ये लिहून घे, तोंडी नको. कार्गो तेव्हाच, जेव्हा तुला रात्री जागून दिवसा गाढ झोपता येतं हे अनुभवाने माहीत असेल. मला तीस वर्षांची होते तोवर जमलं, पुढे नाही.

आणि तिघांपैकी कोणतीही निवडली तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या तिकिटांचे पैसे बाजूला ठेव. बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंग पूर्ण होईपर्यंत नव्या पायलटाचं नाव कॅसमध्ये चढत नाही. गेट एजंटच्या पडद्यावर तुझा फोटो यायच्या आधीच तुला पहिल्यांदा घरी यावंसं वाटेल.