एमजीबीचा रेडिएटर: जुनं पितळ की नवं ॲल्युमिनियम?

१९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळायला लागला की दोन वाटा: त्यालाच नवा कोअर (आतली नळ्यांची जाळी) बसवायचा, नाहीतर ॲल्युमिनियमचा आणायचा.

ॲल्युमिनियम वजनाला हलका. उष्णता तांबंच जास्त वाहून नेतं, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद असल्यामुळे फरक बराच भरून निघतो. सायनच्या सिग्नलला मे महिन्यात तापमानाचा काटा चढतो, तेव्हा मात्र दोघांनाही चांगला पंखाच तारतो. पितळ गळलं तर कुर्ल्याचा रेडिएटरवाला डाग देऊन देतो. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंगवाला शोधा. त्यात नळाचं पाणी ओतलंत तर आतून खाल्लंच म्हणून समजा, कूलंट हवाच.

खरी गोम सपोर्टची, म्हणजे रेडिएटर ज्याला बसवलेला असतो त्या पत्र्याची. खारी हवा आणि पावसाळा, त्यात पत्र्याच्या खालच्या कडेला चिखल साचतो. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आरपार गेला तर नुसता रंग मारून भागणार नाही, तेवढा पत्रा कापून नवा जोडा. ॲल्युमिनियम थेट लोखंडावर टेकलं तर ओलाव्यात तेच आधी गंजतं, म्हणून मधे रबर हवंच.

माझं मत पितळेला. बॉनेट उघडल्यावर शोभतंही तेच.