“काटा बसलाय, मापाने काढून देतो”: सुरमई पावणेदोन किलोने कशी फुगवली जाते

“काटा बसलाय ताई, पण काळजी नको, मापाने अचूक वजन काढून देतो.” बंदरावर अख्खी सुरमई घेताना हे वाक्य कानावर पडलं की पैसे काढू नका. कोकणातल्या एका बंदरावर याच वाक्यावर एक सुरमई साडेसहा किलोची म्हणून विकली गेली. किलोला ९०० रुपये दराने ५,८५० रुपये दिले गेले. नशिबाने मासा न कापता घरी आणला होता. प्रवासाच्या बॅगा तोलायच्या लटकत्या काट्याला टांगला तेव्हा भरला ४ किलो ७२० ग्रॅम. म्हणजे १,६०२ रुपये फुकट गेले.

विक्रेत्याने टेपने लांबी आणि घेर मापून सूत्राने वजन काढलं होतं. ते सूत्र खोटं नव्हतं, म्हणूनच ही फसवणूक पटकन कळत नाही. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले २९. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर ग्रॅममध्ये येतं. गळाने मासे पकडणारे हाच हिशोब इंच आणि पौंडात करतात, तिथे ८०० ने भागतात. त्यामागचा विचार साधा आहे. मासा सगळीकडे सारखा जाड नळकांडं असता तर भाजक साडेबारा आला असता. पण तो तोंडाकडे आणि शेपटीकडे निमुळता होतो, त्यामुळे नळकांड्याच्या निम्म्याहून थोडं कमीच वजन उरतं.

आता तीच सुरमई ओट्यावर सरळ ठेवून नीट मापली. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचकीपर्यंत ८६ सेंटिमीटर, सगळ्यात जाड जागी घेर ४० सेंटिमीटर. ८६ गुणिले १,६०० भागिले २९, उत्तर ४,७४५ ग्रॅम. काट्यापेक्षा फक्त २५ ग्रॅम जास्त. दर वेळी इतकं जवळ येईल असं नाही, दहा टक्के इकडेतिकडे धरूनच चाला.

विक्रेत्याने मात्र लांबी ९६ आणि घेर ४४ वाचून दाखवला. मोबाइलवर गुणाकार केला, ६,४०९ आलं, आणि “साडेसहा” म्हणून मोकळा झाला. दहा आणि चार सेंटिमीटर आले कुठून? लांबी त्याने बेचकीपर्यंत न घेता शेपटीच्या पात्याच्या टोकापर्यंत घेतली. सुरमईची शेपटी खोल दुभंगलेली असते, तिथेच आठ-दहा सेंटिमीटर वाढतात. शिवाय टेप पोटाच्या फुगवट्यावरून नेली. लांबी नेहमी मासा आडवा ठेवून, त्याच्या शेजारी फळीवर सरळ मापायची.

खरा हात घेरात मारला जातो. नीट बघा: टेप माशाभोवती गुंडाळताना डाव्या हाताची दोन बोटं टेपखाली अंगठ्याने दाबून धरलेली असतात, दिसताना वाटतं की टेप सरकू नये म्हणून धरलंय. कधी कल्ल्यामागचा पर अंगाशी न दाबता उभाच ठेवून टेप त्याच्यावरून नेतात. घेराचा वर्ग होतो, हे लक्षात ठेवा. ४० ऐवजी ४२ वाचलं की वजन दहा टक्क्यांनी वाढतं. लांबीत तेवढीच दोन सेंटिमीटरची चूक झाली तर जेमतेम सव्वादोन टक्के. म्हणून घेराची टेप स्वतःच्या हाताने गुंडाळा, अंगाला लागेल इतकीच, न आवळता. जुनी कापडी टेप ताणलेली असते, तिच्यावर विसंबू नका. पोट हाताला टणक, बर्फगार लागलं तर शेपटी धरून मासा उलटा करा. तोंडातून पाणी किंवा बर्फाचा चुरा पडला तर घेर त्याच्यामुळेच फुगलाय. गाबोळीने पोट फुगलं असेल तर ते वजन खरं असतं, त्यात फसवणूक नाही.

टेप जवळ नसेल तर एक अडाखा पाठ करून ठेवा. बेचकीपर्यंत मीटरभर सुरमई ढोबळमानाने सात ते आठ किलो भरते, आणि लांबी निम्मी झाली की वजन आठव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे अर्ध्या मीटरची किलोभर. या अडाख्याने ८६ सेंटिमीटरची साडेचार ते पाच किलोच्या घरात बसते. साडेसहा कशीच होत नाही.

हे २९ चं गणित सुरमई, रावस, घोळ अशा गोलसर अंगाच्या माशांपुरतंच. पापलेट चपटं असतं, घेर भरपूर पण आत मांस तेवढं नाही, त्यामुळे सूत्र वजन वाढवूनच सांगतं. वाकटी आणि पाकट तर मापाने घेऊच नका.

आणि सुरमईसुद्धा मापाने विकत घेऊ नका. माप काट्याची उलटतपासणी करायला आहे, पैसे काट्यावरच्या वजनाचे द्यायचे. अशी उलटतपासणी कामाला येते, हे अमेरिकेतल्या ओहायोत दिसलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ईरी सरोवरातल्या मासेमारी स्पर्धेत पाच वॉलआय मासे मिळून जवळपास ३४ पौंड भरले. आकार बघून आयोजकाला ते पटेना. मासे चिरले तर पोटात शिशाची वजनं आणि दुसऱ्या माशांचे तुकडे निघाले. पुढच्या वर्षी दोघा स्पर्धकांनी गुन्हा कबूल केला.

काटा चालू असला तरी आधी रिकाम्या ताटाला शून्य दिसतंय का बघा, टोपली काढायला सांगा. पाण्याची एक लिटरची सीलबंद बाटली ठेवून पाहा, एक किलोच्या वर बाटलीचे वीस-तीस ग्रॅम एवढंच दिसायला हवं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र समोर लावलेलं असावं लागतं. ते मागायला संकोच नको.

कोयतीखाली जाण्याआधी मासा तोला. एकदा कल्ले आणि पोटातलं काढलं, मुंडकं वेगळं झालं, की “साफ केल्यावर वजन उतरतंच” या उत्तरापुढे तुमच्याकडे काही पुरावा राहत नाही. मासा आडवा, शेजारी टेप, आकडे वाचता येतील असा वरून एक फोटो काढून ठेवा. हातात धरून कॅमेऱ्यासमोर पुढे केलेला मासा दीडपट मोठा दिसतो, तो फोटो कामाचा नाही. मोबाइलवरून पैसे देताना टिपेच्या जागी “सुरमई, ६.५ किलो” असं लिहा, पावती मिळाली नाही तरी तेवढी नोंद राहते. तक्रार जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात करता येते, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर.