टेम्पो बीपर : यंत्र चांगलं, झाकण वाईट

पाण्यात वापरायच्या वस्तूत पाणी शिरलं आणि विक्रेत्याचं उत्तर काय, तर ‘पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही’. ठरवलेल्या सेकंदांनी बीप वाजवून लय सांगणारं, टोपीखाली घालून पोहायचं यंत्र आहे हे! बॅटरीचं झाकण नाण्याने फिरवून बसवायचं, आत दोऱ्याएवढी बारीक रबरी रिंग. ती एका बाजूने चपटी झाली, बस्स. एवढी महाग वस्तू, पण सोबत एक जादा रिंग देववत नाही.

आता कामाचं. माझी भाची नांदेडला शालेय स्पर्धेसाठी ४०० मीटर फ्रीस्टाइल पोहते. आपल्याकडची बरीच पोरं विहिरीत शिकतात, तशीच तीही. उडी मारली की समोरची कड येईपर्यंत जीव तोडून हात मारायचे. ४०० ला हे चालत नाही. पहिले २५ मीटर २४ सेकंदांत, शेवटचे २५ मीटर ३५ सेकंदांत, एकूण ८:२०.

सुरुवातीला प्रत्येक हाताला एक बीप लावला, १.१० सेकंदांवर. पैसे वायाच गेले असं वाटलं. बीप गाठायच्या नादात ती हात अर्धाच ओढायची. एका लांबीला, म्हणजे २५ मीटरला, २१ चे २५ हात झाले, वेळ तोच. “आत्या, हे डोक्यात टुकटुक करायलंय, त्याच्यामागं पळता पळता दम लागायलाय.” खरंच होतं तिचं. हातांची गती वाढली आणि एका हातात कापलेलं अंतर घटलं, तर वेग वाढणार कुठून?

मग बीप हातांऐवजी भिंतीला लावला आणि माझं मत पार बदललं. २०० मीटर जोर लावून घेतले, ३:५६. ते ४०० च्या ८:२० मधून वजा केले, उरले ४:२४, त्याचे निम्मे २:१२. हा तिचा १०० मीटरचा टिकणारा वेग, म्हणजे २५ ला ३३ सेकंद. बीप वाजेल तेव्हाच पाय भिंतीला लागले पाहिजेत. आधी पहिल्या लांबीला ती बीपच्या कितीतरी आधी पोचायची आणि शेवटी मागे पडायची. हळूहळू दोन्ही मिटलं. अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी हिने २०१८ मध्ये १५०० मीटर फ्रीस्टाइल १५:२०.४८ ला मारले, ५० मीटरला सरासरी ३०.७ सेकंद. भाचीला हे सांगितल्यावर ती गप्पच झाली, कारण आता तिचा बीप ३०.५ वर आहे, तोही २५ मीटरला!

स्पर्धेत हे यंत्र लावू देत नाहीत, म्हणून मधूनमधून काढून घेते. परवा बीपरशिवाय एक लांबी मारून म्हणाली, “बत्तीस झाले असतील.” माझ्या घड्याळात ३२.४. मला यासाठीच तो हवा होता.

वजिराबादेतल्या एका घड्याळजींनी मापाची रिंग शोधून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवून दिली. बीपर पुन्हा चालू आहे. घेणार असाल तर दोन रिंगा आधीच आणून ठेवा, आणि गॉगलच्या पट्ट्याला क्लिप करू नका, सूर मारला की निसटतो. टोपीखाली, कानशिलाजवळ ठेवा. पाचपैकी चार तारे. कापलेला एक झाकणाचा.