आरोग्य, सुरक्षा आणि मतदान : दोन आघाड्यांचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचताना

"मावशी, कुणाला देऊ ते सांग ना." विधानसभेला पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या भाचीने फोनवर सरळ विचारलं. मी नाव सांगितलं नाही. तिला रविवारी घरी बोलावलं, महायुतीची दहा वचनं आणि महाविकास आघाडीचा 'महाराष्ट्रनामा' दोन्ही समोर घेतले आणि तीनच विषय निवडून बसलो : दवाखाना, बाईमाणसाची सुरक्षा आणि मतदान. कर्जमाफी, वीजबिल, आरक्षण हे विषय मोठेच आहेत, पण सगळं एका दुपारी होत नाही. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाआधी तुमच्याही घरात हाच प्रश्न असणार, म्हणून आमची चर्चा इथे मांडते.

आधी आरोग्य, कारण आमच्या घराला त्याची झळ लागली आहे.

आघाडीचं वचन ऐकायला भारी आहे : प्रत्येक कुटुंबाला २५ लाखांपर्यंत आरोग्य विमा आणि मोफत औषधं. राजस्थानात काँग्रेस सरकारने २०२३ मध्ये चिरंजीवी योजनेची मर्यादा २५ लाखांवर नेली होती, त्याच धर्तीवर हे आहे. महायुतीकडे वचनापेक्षा केलेलं काम दाखवायला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण त्यांच्या काळात दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं. जुलै २०२३ मध्ये निर्णय झाला आणि जुलै २०२४ पासून ते लागू झालं. पूर्वी ही योजना मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डवाल्यांची होती, आता पांढऱ्या कार्डवालेही त्यात आले. २०२४ मध्ये योजनेत १,३५६ उपचार होते. मुळात ही योजना २०१२ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू केली होती. म्हणजे पाया एकाने घातला आणि मजला दुसऱ्याने चढवला. हे दोन्ही बाजूंनी मान्य करायला हरकत नसावी.

आता आकड्यांकडे नीट बघा. बायपास, अँजिओप्लास्टी, डायलिसिस यांची योजनेतली पॅकेजं ५ लाखांच्या आतच बसतात. २५ लाखांची खरी गरज पडते ती यकृत-प्रत्यारोपणासारख्या मोजक्या उपचारांना. ज्याच्यावर ती वेळ येते त्याचं घरदार विकलं जातं, म्हणून मी त्या वचनाला हलकं म्हणणार नाही. पण आमच्यावर वेळ आली तेव्हा अडलं ते दुसरीकडेच.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या छातीत रात्री साडेअकराला कळ आली. गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टर सुट्टीवर. सिस्टरने धावपळ केली, ईसीजीचं मशीन काढलं, तर त्यातला कागदाचा रोल संपलेला. नवा रोल स्टोअरमध्ये होता आणि स्टोअरची चावी ज्याच्याकडे होती तो तालुक्याला राहायचा. "वर न्या," असं सांगून तिने स्वतःच १०८ ला फोन लावला. पुढच्या साठ किलोमीटरमध्ये वडिलांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता. ते वाचले. शहरात स्टेंट पडला, तोही योजनेतून, एक रुपयाही न लागता. तिथेही रेशन कार्ड आणि आधार यांच्यावरच्या आडनावात एका अक्षराचा फरक निघाला, तेव्हा योजनेच्या मदतीला रुग्णालयात नेमलेल्या आरोग्यमित्र मुलाने अर्धा दिवस खटपट करून मंजुरी आणून दिली. योजना कामाची आहे, हे मी त्या दिवसापासून छातीठोक सांगते. पण ईसीजीचा रोल विम्यातून येत नाही.

म्हणून मला या दोन कागदांत विम्याच्या रकमेपेक्षा बारीक अक्षरातली कलमं जास्त महत्त्वाची वाटली. महायुतीने आशा आणि अंगणवाडी सेविकांना महिना १५,००० रुपये आणि विमा संरक्षण देऊ असं म्हटलंय. गावात तापाचा पहिला रुग्ण आणि अडलेली बाळंतीण आशाताईलाच आधी कळते, तेव्हा हे वचन थेट आरोग्याचं आहे. पण याच सरकारच्या काळात आशाताईंना मानधनवाढीच्या शासन निर्णयासाठी दोनदा संपावर जावं लागलं आणि तो मार्च २०२४ मध्ये निघाला, हेही लक्षात ठेवा. आघाडीने ९ ते १६ वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मोफत देऊ असं म्हटलंय. मला हे त्यांच्या आरोग्याच्या वचनांतलं सगळ्यात नेमकं वाटलं. वय ठरलेलं, लस ठरलेली, उद्या विचारता येईल की दिली का नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, तेही महायुतीच्या बाजूने मोजायला हवं. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नाहीत आणि "वर न्या" म्हटलं की आपण जातो ते तिथेच. त्यानंतर दीड महिन्यात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात बाळं होती. खाटांपेक्षा जास्त रुग्ण, अपुरी माणसं, औषधखरेदीचा घोळ या गोष्टी तेव्हा सगळ्यांनी ऐकल्या. त्या एका सरकारात सुरू झालेल्या नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी अर्थसंकल्पाचा ८ टक्के भाग आरोग्यावर खर्च करावा असं म्हटलंय. महाराष्ट्राने तो आकडा ना आघाडीच्या काळात गाठला, ना महायुतीच्या.

आणि पैसा त्याच तिजोरीतून येणार आहे. लाडक्या बहिणीला सध्या १,५०० रुपये मिळतात. महायुती २,१०० म्हणते, आघाडी महालक्ष्मी योजनेतून ३,०००. दीड हजाराच्या हप्त्यालाच वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद धरली होती. बाईच्या हातात पैसा यावा याच्या मी पूर्ण बाजूने आहे, तो पैसा औषधालाच जातो हे मी पाहिलंय. पण घरी आलेल्या उमेदवाराला हे जरूर विचारा : एवढं देऊन झाल्यावर आपल्या ग्रामीण रुग्णालयातली रिकामी पदं कधी भरणार?

सुरक्षेकडे वळू.

महायुती म्हणते, २५,००० महिलांची पोलीस दलात भरती करू. आघाडी म्हणते, 'निर्भय महाराष्ट्र' धोरण आणू आणि शक्ती कायदा लागू करू. भाची लगेच म्हणाली, कायदा बरा. तिला शक्तीची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०२१ मध्ये, आघाडीचं सरकार असताना, दोन्ही सभागृहांनी ते विधेयक एकमताने मंजूर केलं. एकमताने, म्हणजे आजच्या दोन्ही बाजूंनी. ३० दिवसांत तपास, बलात्काराच्या गुन्ह्यात फाशीपर्यंत शिक्षा. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा विषय, केंद्राच्या कायद्यात बदल करायचा तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते आणि ती आलीच नाही. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे, म्हणजे ज्या कायद्यांत दुरुस्ती करायची होती ते कायदेच बदलले. आघाडी उद्या सत्तेवर आली तरी शक्ती लागू करणं एकट्या मुंबईच्या हातात नाही. पोलीस भरती मात्र पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. या एका मुद्द्यावर मला महायुतीचं वचन जास्त जमिनीवरचं वाटतं, अर्थात भरती किती वर्षांत हे त्यांनी सांगितलं तर.

पण बदलापूर विसरता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला आणि तक्रार घ्यायला पोलिसांनी आई-वडिलांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. त्यानंतर शाळांत सीसीटीव्ही लावण्याचा शासन निर्णय निघाला. मार्च २०२२ चा, आघाडीच्या काळातला, प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय आधीपासून होताच. माझ्या शेजारणीने तिच्या मुलीच्या शाळेत या समितीत कोण आहे म्हणून विचारलं, तर कार्यालयातल्या बाईंनी तिलाच विचारलं, "कसली समिती?" नव्या कायद्याच्या वचनाइतकंच मला हे विचारावंसं वाटतं, की असलेला शासन निर्णय आपल्या मतदारसंघातल्या शाळांत पाळला जातो का, हे आमदार तपासेल का. त्याला विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकता येतो. ते त्याचं रोजचं हत्यार आहे.

एसटीचं वचन मी सुरक्षेतच धरते. महायुतीने मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, आघाडी पूर्ण मोफत म्हणते. भाचीच्या गावाहून कॉलेजला यायला सकाळी एकच गाडी आहे. ती चुकली की वडापमध्ये कोंबून यायचं. तिकीट अर्धं असो की फुकट, गाडी दुसरी हवी, हे तिचं म्हणणं मला पटलं.

आता मतदान. जाहीरनाम्यांत या विषयाला सगळ्यात कमी जागा मिळते आणि माझ्या मते इथेच आमदाराकडे सगळ्यात जास्त अधिकार आहे. विधानसभेची मतदारयादी, यंत्रं, केंद्रं हा भारत निवडणूक आयोगाचा कारभार, त्यात आमदार फार काही करू शकत नाही. पण महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्याच्या कायद्यावर चालतात आणि तो कायदा हेच २८८ जण करतात. कसा केलाय बघा. सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१४-१९ च्या फडणवीस सरकारने आणली, २०२० मध्ये आघाडीने ती रद्द केली, २०२२ मध्ये शिंदे सरकारने परत आणली. महापालिकांत २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग, मग आघाडीने एक सदस्य केला, मग २०२१ मध्ये त्यांनीच तीन केला, मग २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा २०१७ ची रचना आणली. मुंबईचे नगरसेवक २२७ चे २३६ झाले आणि २३६ चे परत २२७. सरकार बदललं की आपला प्रभाग बदलतो.

स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आरक्षण अडवलं आणि कोणत्याही सरकारला त्याशिवाय निवडणूक घ्यायची नव्हती. पण परिणाम काय झाला? मार्च २०२२ मध्ये प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा विधिमंडळाने एकमताने केला. प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून २०२४ च्या या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासकच होता. आमच्या छत्रपती संभाजीनगरात एप्रिल २०२० पासून तोवर नगरसेवक नव्हता. त्याआधी मी महापालिकेसाठी मत दिलं ते एप्रिल २०१५ मध्ये. तेव्हा ही भाची शाळेत होती. आमच्या गल्लीत नळाला आठवड्याने पाणी यायचं आणि ते कुणाच्या दारात जाऊन विचारायचं तर दारच नव्हतं. अधिकारी सभ्यपणे ऐकून घेतात, पण त्यांना पुढच्या वर्षी माझ्याकडे मत मागायला यायचं नसतं.

या विषयावर मी कुठल्याच आघाडीला झुकतं माप देऊ शकत नाही. दोघांनीही माझं मत अडकवून ठेवलं आणि याचा मला राग आहे. म्हणून इथे पक्षापेक्षा माणूस बघा. तुमच्या भागातल्या दोन्ही उमेदवारांना एकच प्रश्न विचारा : मुदत संपली की सहा महिन्यांच्या आत स्थानिक निवडणूक व्हावी आणि निवडणुकीच्या तोंडावर प्रभागरचना बदलू नये, यासाठी तुम्ही सभागृहात स्वतःच्या सरकारविरुद्ध उभे राहाल का? "पक्ष ठरवेल" असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे, ते लिहून ठेवा.

भाचीने तिच्या वहीत दोन रकाने आखले आणि प्रत्येक विषयापुढे खुणा केल्या. लस आणि मोफत औषधं आघाडीकडे, आशाताई आणि पोलीस भरती महायुतीकडे, मतदानाच्या ओळीत दोन्हीकडे रिकामं. सोमवारी संध्याकाळी प्रचार संपायच्या आत एका उमेदवाराची पदयात्रा तिच्या गावातून जाणार आहे. दुसरा गेल्या आठवड्यात येऊन गेला, त्याच्या कार्यकर्त्याचा नंबर तिने मिळवलाय. सोमवारीच ती सकाळच्या एसटीने गावी जाईल, कारण तिचं नाव अजून गावच्याच यादीत आहे. ओळखपत्र पिशवीत टाकलं का म्हणून मी दोनदा विचारलं. वही तिने आधीच टाकली होती.