पेस्टल पोर्ट्रेट सांगून प्रिंट गळ्यात मारला

आमचे बाबा कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, कंडक्टर होते, गेल्या वर्षी गेले. घरात त्यांचा धड एक फोटो नाही, सगळ्यात कुणाच्या तरी लग्नात पंगतीच्या मागे उभे. साफ चेहरा फक्त जुन्या ओळखपत्रावर, त्यावरही शिक्क्याची अर्धी गोल रेघ खांद्यावर आलेली. म्हाळाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या, आधी आईला मोठी तसबीर द्यायची म्हणून मोबाईलवर शोधलं तर एकजण सापडला, गेलेल्या माणसांची सॉफ्ट पेस्टल पोर्ट्रेट, शंभर टक्के हाताने. बोलायला इतका गोड की काय सांगू, बाबा हसायचे कसे, त्यांना काय आवडायचं, सगळं विचारलं आणि मीही डिचोलीच्या बसस्टँडवर उभा राहून अर्धा तास सांगत बसलो, डोळ्यात पाणी. आता कळतं, तो गळ टाकून बसलेला.

भाव साडेआठ हजार, अर्धे आगाऊ. आठवड्याने व्हिडिओ आला, एक हात खडूने डोळा रंगवतोय, नुसता डोळा, बाकी चेहरा नाहीच. मी खूश! मग उरलेले पैसे, मग वर फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवायचा फवारा) आणि पॅकिंगचे बाराशे, तेही दिले कारण तो म्हणाला आज नाही दिलेत तर म्हाळापर्यंत पोचायचं नाही.

पार्सल आलं ते पाईपमध्ये गुंडाळून. इथेच ओळखायला हवं होतं. वाड्यावरचा एक मुलगा पणजीत आल्तिनोला आर्ट कॉलेजात शिकतो, तो पाईप बघूनच म्हणाला, "काका, सॉफ्ट पेस्टल कोण गुंडाळतं?" पेस्टल म्हणजे रंगाची पूड, डिंक अगदी नावाला, ती खरखरीत कागदावर नुसती धरून बसलेली असते, फिक्सेटिव्ह मारलं तरी घासलं की थोडी येतेच. म्हणून सपाट पुठ्ठ्यात बटर पेपर घालून पाठवतात आणि फ्रेमला मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, लावतात, काच चित्राला टेकता कामा नये, आपल्याकडच्या पावसात टेकली तर बुरशी धरलीच समजा. त्याने मला गालावर बोट फिरवायला लावलं, काही आलं नाही. बॅकग्राउंडवर फिरवलं तर निळा खडू आला, म्हणजे प्रिंट काढून वर चार रेघोट्या मारलेल्या. भिंगातून बघितलं तर नाकावर शाईचे बारीक ठिपके. आणि खांद्यावर शिक्क्याची ती गोल रेघ, फोटोचं चित्र करणाऱ्या फिल्टरने तिची शर्टाची चुणी करून टाकलेली! हाताने काढणारा शिक्का कशाला काढेल?

फोन उचलला नाही, संध्याकाळपर्यंत ब्लॉक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली पण पैसे जाऊन पंधरवडा झालेला, तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा, तरच ते मधे अडकवता येण्याची आशा. तुम्ही काम देणार असाल तर अर्धवट झालेल्या पूर्ण चेहऱ्याचा व्हिडिओ मागा, बाजूला त्या दिवसाचा पेपर ठेवून. नाहीतर सरळ जवळपासचा चित्रकार गाठा, त्याच्या घरी जा, पेस्टलवाल्याच्या टेबलावर रंगाची धूळ असतेच.

आईला सांगितलेलं नाही. तसबीर भिंतीवर लागली, हार घातला, म्हाळाला आलेल्या प्रत्येकाला ती सांगत होती, हाताने काढलंय. परवा दिवा लावताना म्हणाली, "ह्यांच्या शर्टाला ही चुणी कसली रे? कडक इस्त्रीशिवाय कधी ड्युटीवर गेले नाहीत." मी म्हटलं, चित्रकाराकडून झाली असेल.