एकच घोडा, सोमवारी वर्तुळं, बुधवारी बांबू, शुक्रवारी कालवा: नऊ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरात मी घोडेस्वारी शिकायला लागले, माझी बारा वर्षांची मुलगीही सोबत. आता जून संपत आलाय. आठवड्यातून तीन सकाळी, असे नऊ महिने झाले.

मुलीच्या डोक्यात हे वेड २०२३ च्या हांगझोऊ एशियाडपासून शिरलं. ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घेण्याच्या खेळाचं, सांघिक सुवर्ण भारतानं मिळवलं, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हा तिला घराजवळच्या एका ठिकाणी घातलं. तिथं वर्षभर मोतद्दारानं दोरीला धरलेल्या घोड्यावर बसून गोल गोल फिरणं, एवढंच झालं. वर्ष संपलं तरी घोडा स्वतः थांबवणं तिला येत नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

आताचे सर घोडदळातून निवृत्त झालेले. एरवी साताऱ्याकडचं मराठी बोलतात, पण मैदानात हुकूम हिंदीतच: कदम (चालणं), दुलकी (दुडकी), थम (थांब). माझ्या वाट्याला आला राजा, रेसमधून उतरलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा. पुण्या-मुंबईकडे शिकवणीचे बरेच घोडे असेच रेसकोर्सवरून येतात, आणि तिथं शिकवणाऱ्याचा खरा कस लागतो. रेसच्या घोड्याला लगामाच्या ताणावर भार टाकून पळायची सवय असते. दुसऱ्याच आठवड्यात दुडकी जरा वाढली, मी घाबरून दोन्ही हातांनी लगाम ओढला आणि राजा आणखी जोरात निघाला. सर मैदानाच्या मधोमध शांत उभे. घोडा थांबल्यावर जवळ येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही त्याला पळ म्हणालात. तो पळाला."

पुढचा महिनाभर आम्ही फक्त थांबणं शिकलो, मी आणि राजा दोघंही. पाठ सरळ, श्वास सोडायचा, मांड खोल बसवायची, एका हाताची मूठ आवळायची आणि लगेच सैल करायची. "पोळीचा उंडा दाबून बघता ना, तेवढाच जोर." हे ऐकल्यावर माझ्या हाताला जे कळलं ते आधीच्या दहा सूचनांनी कळलं नव्हतं. मुलीला त्यांनी हे उदाहरण दिलं नाही. तिला भीती कमी आणि घाई जास्त, म्हणून तिच्या रिकिबीच, म्हणजे पाय अडकवायच्या कड्या, काढून घेतल्या. तीन आठवडे ती रिकिबींशिवाय दुडकी चालीत बसली. रोज रात्री मांड्या दुखायच्या, पण तिची बैठक आता माझ्यापेक्षा कितीतरी पक्की आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आठवड्याची आखणी. सोमवारी २० मीटरची वर्तुळं, चाल बदलणं, डावं-उजवं वळण. राजा डावीकडे लाकडासारखा ताठ होता, हिवाळा संपेपर्यंत तो मान आणि बरगड्या वळवायला लागला. बुधवारी जमिनीवर ठेवलेले बांबू. दुडकीसाठी दोन बांबूंत साधारण साडेचार फूट अंतर, तट्टू असेल तर सर स्वतः वाकून ते कमी करतात. बांबू ओलांडताना घोडा पाय उचलतो, पाठ वर घेतो आणि आपली उठबस आपोआप तालात येते. शुक्रवारी कालव्याच्या कडेनं बाहेर रपेट.

संध्याकाळी मोठी मुलं टेंट पेगिंगचा सराव करतात: चौखूर धावणाऱ्या घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली जेमतेम ६ सेंटिमीटर रुंदीची मेख उचलायची. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये या खेळात आपल्याला सुवर्ण मिळालं होतं, ते सर अजून रंगून सांगतात. त्या मुलांचा सोमवारही आमच्यासारखाच वर्तुळांचा असतो. "एकाच खेळाचा घोडा आणि एकाच खेळाचा स्वार मला नको," असं ते म्हणतात, आणि मला ते पटलंय. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला स्वार फवाद मिर्झा ज्या इव्हेंटिंगमध्ये उतरला, त्यातही एकाच घोड्यावर ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि उड्या तिन्ही कराव्या लागतात.

उणिवा आहेत. छप्पर असलेलं मैदान नाही, बुडालेल्या तासांची भरपाई मिळत नाही. प्रगतीची नोंद कुठंच नसते, ती मी घरी वहीत ठेवते. हेल्मेट तिथलं वापरू नका, आपल्या मापाचं नवीन घ्या, आणि जोरात आपटलं तर बदला. स्वारीआधी वीस मिनिटं खरारा आणि खुरांतले खडे काढणं शिकणाऱ्यानंच करायचं असतं. काही पालकांना हा पैशांचा अपव्यय वाटतो. मला नाही वाटत: राजाच्या मागच्या उजव्या पायाची सूज अशीच एका सकाळी माझ्या हाताला लागली, आणि त्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली.

मे महिन्यात कालव्यावर मागून ट्रॅक्टर आला. राजाचे कान ताठ झाले, पाठ कडक झाली. मी श्वास सोडला, मूठ आवळली, सैल केली. तो उभा राहिला. ट्रॅक्टर गेला, आणि मागून सरांचा आवाज आला, "कदम."

सध्या पावसानं मैदान बंद आहे. आम्ही दोघी तरी सकाळी जातो, राजाला खरारा करतो आणि परत येतो.