ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलचे अंतरिम आदेश: रचना न्याय्य, दिरंगाई जीवघेणी

चौकशी पूर्ण होण्याआधीच एखाद्या परिचारिकेच्या कामावर बंधने घालायची की नाहीत, हे ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी आणि नियमन करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची समिती ‘अंतरिम आदेशा’द्वारे ठरवते. तिकडे नोकरीसाठी निघालेल्या आपल्या सिस्टर्सनी नोंदणीच्या परीक्षेइतक्याच गांभीर्याने ही व्यवस्था समजून घ्यावी, म्हणून तिचे हे परीक्षण.

सर्वांत जमेची बाजू अशी की निलंबन हा इथे एकमेव मार्ग नाही. औषधे देताना चुका केल्याचा आरोप असेल, तर समिती सरसकट नोंदणी स्थगित न करता, देखरेखीशिवाय औषधे द्यायची नाहीत, एजन्सीमार्फत ड्युटी घ्यायची नाही, नोकरी धरली किंवा सोडली तर सात दिवसांच्या आत कौन्सिलच्या केस ऑफिसरला (प्रकरण हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचे, अशा अटी घालू शकते. आरोप खरा की खोटा याचा निवाडा या टप्प्यावर होत नाही. रुग्णांची सुरक्षितता, व्यापक लोकहित आणि खुद्द परिचारिकेचे हित एवढेच पाहिले जाते. मला ही रचना मनापासून पटते, कारण धोका औषधांच्या ट्रॉलीपाशी असेल, तर ड्रेसिंग उत्तम करणाऱ्या सिस्टरला घरी बसवून रुग्णाचेही भले होत नाही.

खटकतो तो वेळ. आदेशाची कमाल मुदत 18 महिने, पहिला फेरविचार सहा महिन्यांच्या आत, आणि मुदत वाढवायची तर कौन्सिलला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, हे नियम चांगलेच आहेत. पण मूळ चौकशीच वर्षानुवर्षे रेंगाळली तर त्यांचा दिलासा तुटपुंजा ठरतो. जुलै 2024 मध्ये आलेल्या, माजी सरकारी वकील नझीर अफझल यांच्या स्वतंत्र अहवालाने कौन्सिलच्या कार्यसंस्कृतीवर आणि तुंबलेल्या प्रकरणांवर कठोर टीका केली, ती रास्त होती. दरम्यान, आदेशाची नोंद सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही दिसते. व्हिसा नोकरीशी बांधलेला असेल आणि नोकरी गेली, तर नवा प्रायोजक (व्हिसाची हमी घेणारा मालक) शोधायला साधारण 60 दिवसच हाती उरतात; स्थानिक परिचारिकेवर हे संकट येत नाही.

म्हणून रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग किंवा युनिसन या, अशा प्रकरणांत मदत करणाऱ्या कर्मचारी संघटनांपैकी एकीचे सभासदत्व पहिल्या ड्युटीपूर्वीच घ्यावे. घटना घडून गेल्यावर घेतलेले सभासदत्व त्या प्रकरणात सहसा उपयोगी पडत नाही. सुनावणी चुकवू नये, आणि कोणत्या अटींवर सुरक्षितपणे काम करता येईल याचा लेखी प्रस्ताव वॉर्ड मॅनेजरच्या पत्रासह समितीपुढे ठेवावा.